फसवलं नाही, पण अडवलं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

शेजारी राहणारे एक काका, वय ७४. मी लहानपणापासून त्यांच्या घरात वाढल्यासारखाच. नऊ महिन्यांपूर्वी काकू अचानक अतिदक्षता विभागात दाखल झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मोठी रक्कम भरायची वेळ आली. घर विकायचा विचार काकांच्या मनात आधीपासून होता. एक गिऱ्हाईक आलंही होतं, पण त्याचं गृहकर्ज मंजूर व्हायला दीड महिना लागणार होता. काकांनी मला विचारलं. बाजारभाव शंभर धरला, तर ते गिऱ्हाईक ९२ द्यायला तयार होतं. आमचा सौदा ५६ ला ठरला. त्यातले १५ मी त्याच रात्री विसार म्हणून दिले, बाकीचे खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. चौथ्या दिवशी साठेखताची, म्हणजे पुढे विक्री करायच्या कराराची, नोंदणीही झाली. मी म्हणालो होतो, "काका, हवं तर एखाद्या वकिलाला दाखवा." ते म्हणाले, "तुझ्यावर विश्वास नाही का माझा?" काकांनी माघार घेतली तर विसाराच्या दुप्पट रक्कम द्यायची, असं कलम आहे. काकू वाचल्या नाहीत. आता परगावी राहणारी त्यांची मुलगी म्हणते, "विसार परत घ्या आणि घराचा नाद सोडा. तुम्ही बाबांच्या परिस्थितीचा फायदा घेतलात." काका स्वतः काही बोलत नाहीत. माझे वकील म्हणतात, कागद पक्का आहे, दावा लावा. बायको म्हणते, सोडून द्या. मी काकांना फसवलं नाही. जबरदस्ती केली नाही. उलट त्या रात्री दुसरं कोणीच उभं राहिलं नव्हतं. मग माझं चुकलं कुठे? आणि कायदा माझ्या बाजूने आहे ना?

— अस्वस्थ खरेदीदार

नमस्कार.

काकांना फसवलं नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तुम्ही त्यांना खोटं काही सांगितलं नाही, भाव लपवला नाही. ९२ चं गिऱ्हाईक आलेलं होतं हे काकांनाही ठाऊक होतं. पण आपल्या भाषेत फसवणुकीच्या शेजारीच दुसरा एक शब्द आहे, अडवणूक. फसलेल्या माणसाला खरं काय ते माहीत नसतं. अडलेल्या माणसाला सगळं माहीत असतं, फक्त त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो. तुमचं सगळं पत्र पहिल्या आरोपाला उत्तर देतं आणि काकांची मुलगी बोलते आहे ती दुसऱ्याबद्दल. तुम्हा दोघांचा संवाद तिथेच अडला आहे, असं मला वाटतं.

कायद्यालाही हा फरक कळतो. इंग्रजी कायद्यात अशा व्यवहाराला 'अनकॉन्शनेबल' म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'कॉन्शन्स' आहे, म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी. पण बुद्धी कोणाची तपासायची? आपल्याला वाटतं, सही करणाऱ्याची: त्याला समजत होतं का, तो शुद्धीत होता का, त्याने राजीखुशीने सही केली का. न्यायालय हे पाहतंच. पण या तत्त्वाचा खरा रोख समोरच्या, बळकट बाजूच्या माणसावर असतो. समोरचा अडला आहे हे त्याला माहीत होतं का, आणि ते माहीत असताना तो कसा वागला?

या तत्त्वाचा एक गाजलेला खटला ऑस्ट्रेलियातला आहे. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाने, अमाडिओ दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. दोघंही सत्तरी ओलांडलेली, इटलीहून आलेली, इंग्रजी जेमतेम. मुलाचा बांधकामाचा व्यवसाय. त्याच्या कंपनीच्या कर्जासाठी बँकेच्या व्यवस्थापकाने घरी येऊन त्यांच्या सह्या घेतल्या. त्यांची समजूत अशी की जबाबदारी ठरावीक रकमेपुरती आणि सहा महिन्यांपुरती आहे. कागदात कुठलीच मर्यादा नव्हती. मुलाची कंपनी बुडत चालली आहे हे बँकेला माहीत होतं, आईवडिलांना नव्हतं. बँकेने जबरदस्ती केली असं कोणी म्हटलं नव्हतं. तरीही तो संपूर्ण गहाणव्यवहार रद्द झाला. ही दोन माणसं अडचणीच्या जागी उभी आहेत, हे व्यवस्थापकाला दिसत होतं आणि तरीही त्याने कागद पुढे सरकवला, एवढं न्यायालयाला पुरलं.

तुमचं प्रकरण हुबेहूब तसं नाही. काकांना कागद समजत होता. पण तो खटला वाचून तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न बदलतो. 'मी जबरदस्ती केली का' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'त्या रात्री मला काय दिसत होतं' हा विचारा. तुम्हाला दिसत होतं की या माणसाला दीड महिना थांबणं शक्य नाही. बाकी कोणालाही दिसलं नसेल इतकं स्पष्ट तुम्हाला दिसत होतं, कारण तुम्ही त्यांच्या शेजारी उभे होतात.

आता थोडा हिशेब करू. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'वेळेला पैसे दिले' या तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याची किंमत धरलीच पाहिजे. त्या रात्री तुम्ही काकांना १५ दिले. दुसरं गिऱ्हाईक दीड महिन्याने येणार होतं. तुम्ही हे १५ काकांना दीड महिन्यासाठी उसने दिले असते आणि महिना दोन टक्के, म्हणजे चांगलंच चढं व्याज लावलं असतं, तर व्याज झालं असतं ०.४५. अर्ध्या भागाहूनही कमी. त्या गिऱ्हाइकाचं कर्ज नामंजूर झालं असतं, तो माघारी गेला असता, ही जोखीमही धरा. त्यासाठी आणखी पाच धरा, हवे तर दहा धरा. तरी ९२ आणि ५६ यांतले ३६ भरून निघत नाहीत. आणि बाकीचे ४१ अजून तुमच्याकडेच आहेत, ते काकांच्या त्या रात्रीच्या कामी आलेलेच नाहीत.

मग उरलेली तफावत कशाची? मला वाटतं, ती काकांच्या ओशाळेपणाची आहे. त्या रात्री तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात, मदत आणि खरेदी. मदत करणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. उपकाराच्या ओझ्याखाली असलेला माणूस "अरे, हे फार कमी होतंय" असं म्हणूच शकत नाही, विशेषतः समोरचा मुलासारखा असेल तर. त्यांचं उत्तर पुन्हा वाचा: "तुझ्यावर विश्वास नाही का माझा?" तुम्ही ते वाक्य संमती म्हणून सांगता आहात. मला त्यात एक माणूस आपली राखण तुमच्याच हाती देताना दिसतो. विश्वास टाकणारा बेसावध असतो, आणि असावाच, नाहीतर विश्वास या शब्दाला अर्थ काय?

तुम्ही हे सगळं ठरवून केलंत असं मी म्हणत नाही. पैसे जमवण्याच्या धावपळीत एक आकडा तुमच्या तोंडून गेला असेल, काकांनी मान डोलावली असेल आणि दोघांनाही वाटलं असेल की प्रश्न सुटला. पण व्यवहार कसा घडला यापेक्षा आता तो धरून ठेवायचा का, हा प्रश्न तुमच्यापुढे आहे. विवेकाचा संबंध तिथेही येतो.

वकिलाला दाखवा असं तुम्ही म्हणाला होतात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, आणि ती खोटी नाही. पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाने वकील कधी शोधायचा? ऑस्ट्रेलियातच २०१७ साली थॉर्न विरुद्ध केनेडी या खटल्यात हा मुद्दा आला. लग्न काही दिवसांवर आलेलं, परदेशातून आलेली वधू, आणि होणाऱ्या श्रीमंत नवऱ्याने पुढे ठेवलेला मालमत्तेचा करार. तिला स्वतंत्र वकील मिळाली होती. त्या वकिलाने स्पष्ट सांगितलं की सही करू नका. तिने तरीही केली, कारण सही नाही तर लग्न नाही. न्यायालयाने तो करार मोडीत काढला. सल्ला कानावर पडणं वेगळं आणि तो पाळता येण्याजोगी परिस्थिती असणं वेगळं. काकांना तर सल्लाही मिळाला नव्हता.

नडलेला विक्रेता, बरीच कमी किंमत आणि स्वतंत्र सल्ल्याचा अभाव, या तीन गोष्टी एकत्र आल्या की खरेदीदाराने व्यवहार न्याय्य होता हे दाखवावं, ही भूमिका नवी नाही. इंग्लंडमधल्या फ्राय विरुद्ध लेन या १८८८ च्या निकालापासून ती चालत आलेली आहे. गरीब विक्रेत्यांनी वारशातला आपला भावी हिस्सा कवडीमोलाने विकला होता आणि दोन्ही बाजूंचं काम एकाच वकिलाने पाहिलं होतं.

आता आपल्याकडचा कायदा, कारण तुमचा दुसरा प्रश्न तो आहे. तुमच्या वकिलांचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २५ खाली स्पष्ट लिहिलं आहे की केवळ मोबदला कमी आहे म्हणून करार रद्द ठरत नाही. हे तुमच्या बाजूचं. पण तिथेच पुढे म्हटलं आहे की संमती खरोखर मोकळी होती का हे ठरवताना न्यायालय कमी मोबदल्याचा विचार करू शकतं. कलम १६ अनुचित प्रभावाबद्दल आहे. वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची मानसिक क्षमता तात्पुरती का होईना ढळली आहे, अशा माणसाशी करार करणारा हा त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा जागी असतो, असं ते कलम मानतं. शिवाय विश्वासाच्या नात्याचाही त्यात उल्लेख आहे. अशा जागी असलेल्याने केलेला व्यवहार सकृतदर्शनी विवेकाला न पटणारा असेल, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे वर्चस्वाची जागा आणि विवेकाला न पटणारा व्यवहार, हे दोन मुद्दे काकांनी उभे केले की पुढचं तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

पण हेही सांगायला हवं की काकांच्या मुलीचं काम सोपं नाही. पत्नी रुग्णालयात असल्याने माणूस कासावीस होता, एवढ्याने मानसिक क्षमता ढळली होती असं आपोआप ठरत नाही. शंभर वर्षांपूर्वी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने, रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या खटल्यात नेमकं हेच बजावलं. दहा हजारांचं कर्ज चक्रवाढ व्याजाने अकरा वर्षांत लाखाच्या वर गेलं होतं, तरीही कर्जदाराला या कलमाचा आधार मिळाला नाही. आधी वर्चस्वाची जागा दाखवा, व्यवहार किती जाचक आहे ते नंतर पाहू, हा क्रम उलटा करू नका, असं त्या निकालाचं सार. ऑस्ट्रेलियातही २०१३ मध्ये एका बड्या जुगाऱ्याने मेलबर्नच्या कॅसिनोविरुद्ध हेच तत्त्व वापरून पाहिलं. मी व्यसनी आहे हे माहीत असून मला खेळवलं, असं त्याचं म्हणणं होतं. तो हरला. आपलं हित त्याला कळत होतं आणि कित्येकदा तो उठून जाऊही शकत होता, असं न्यायालयाला दिसलं. तोट्याचा सौदा आणि अडवणुकीचा सौदा यांत कायदा फरक करतो, आणि करायलाच हवा. नाहीतर भाव वाढला की प्रत्येक विक्रेता मागे फिरेल.

तुमचे वकील दाव्याबद्दल इतके ठाम का आहेत, याचं एक कारण २०१८ ची दुरुस्ती असावी. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ चा, म्हणजे 'ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या' असा हुकूम ज्याखाली मिळतो तो. पूर्वी त्यात न्यायालयाला मोकळीक होती: करार वैध असला तरी तो एका बाजूला अन्यायकारक फायदा देत असेल, तर हुकूम नाकारता येत असे. दुरुस्तीनंतर ती मोकळीक जवळपास गेली. पण मुळात संमतीच मोकळी नव्हती हा बचाव काही गेलेला नाही. तो करार कायद्यातला आहे आणि काकांना आजही उपलब्ध आहे.

दुपटीच्या कलमावर फार विसंबू नका. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम कितीही लिहा, मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. फतेह चंद खटल्यात १९६३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. आणि साठेखत झालं म्हणून घर तुमचं झालेलं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ नुसार विक्रीचा करार स्वतःहून मालकी किंवा हक्क निर्माण करत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि ती वकिलांना आजच विचारा: घर फक्त काकांच्या नावावर होतं का? काकूंचं नाव असेल आणि साठेखतावर त्यांची सही नसेल, तर त्यांच्या पश्चात मुलगी ही केवळ बापाची कैवारी राहत नाही, ती त्या हिश्श्याची वारस म्हणून दाराशी उभी असते. मग सगळं गणितच बदलतं.

दावा लावलात तर काय होईल? जिंकालही कदाचित. पण साठेखताची तारीख आणि काकू रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली जाईल. कमी किंमत कागदावरच दिसते, कारण मुद्रांक शुल्क शासकीय मूल्यदरावर भरावं लागतं आणि दोन आकडे एकमेकांशेजारी छापले जातात. जाता जाता: शासकीय मूल्याहून व्यवहाराची किंमत बरीच कमी असेल, तर आयकर कायदा ती तफावत खरेदीदाराचं उत्पन्न धरतो. तुम्ही करसल्लागाराला विचारलं नसेल तर विचारा. स्वस्तात मिळालेल्या घरावरचा तो खर्च अनेकांना नंतर कळतो. दावा चालू असताना घर ना काकांना नीट विकता येईल ना तुम्हाला वापरता येईल. काकांना पिंजऱ्यात उभं करून तुमच्या वकिलांनी त्यांना काकूंच्या शेवटच्या दिवसांबद्दल उलटतपासणीत विचारावं लागेल. ते प्रश्न तुमच्या नावाने विचारले जातील.

सोडून द्या, हे तुमच्या पत्नीचं म्हणणं मला दाव्यापेक्षा जवळचं वाटतं, पण तेही जसंच्या तसं मी स्वीकारणार नाही. काकांना घर विकायचंच होतं. कदाचित अजूनही विकायचं असेल. एकट्या माणसाला मोठं घर नको असेल, पैशांची गरज असेल, आणि ओळखीच्या माणसाला द्यायला त्यांना आवडेलही. तुम्ही रागाने किंवा अपराधी भावनेने करार फाडलात, तर त्यांच्या वतीने पुन्हा तुम्हीच निर्णय घेतलात असं होईल. त्या रात्री जी निवड त्यांना करता आली नाही ती आता त्यांना करू द्या, असं माझं मत आहे.

म्हणजे प्रत्यक्षात असं. काकांपुढे दोन वाटा ठेवा, दोन्ही खऱ्या. पहिली: साठेखत रद्द. तुमचे १५ परत, दुपटीचं कलम सोडलं, आणि परतफेडीला त्यांना सोयीची मुदत. वाजवी व्याज मागायचा तुम्हाला हक्क आहे. मी तुमच्या जागी असते तर मागितलं नसतं, पण ते तुम्ही ठरवा. दुसरी: विक्री कायम, किंमत नव्याने. दोघांना मान्य असा नोंदणीकृत मूल्यांकनकार बोलवा आणि सौदा झाला त्या महिन्यातला भाव काढून घ्या. त्यातून तुमच्या वेळेवरच्या मदतीचं जे काही वाजवी मोल ठरेल ते वजा करा. ते किती, हे काकांकडून येऊ द्या, तुमच्याकडून नको. करार कायद्याचं कलम ६२ दोन्ही बाजूंच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार करू देतं, तेव्हा यात कायदेशीर अडचण काही नाही. फक्त जे ठरेल ते तोंडी ठेवू नका. पूरक करारनामा असो की रद्दलेख, त्याचीही नोंदणी करा. रद्द केलंत तर भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या परताव्याला मुदतीची अट असते, म्हणून दुय्यम निबंधकांकडे लवकर चौकशी करा.

आणि काकांचा वकील काकांचाच हवा. तुम्ही सुचवलेला नको, तुम्ही पैसे दिलेला नको. इंग्लंडमध्ये बायका नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहत, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठाने, २००१ साली एट्रिज खटल्यात बँकांना सांगितलं की वकिलाने त्या बाईला नवऱ्याच्या गैरहजेरीत समोरासमोर बसून समजावलं पाहिजे. त्यातलं शहाणपण इथे उचलण्यासारखं आहे. काका त्यांच्या वकिलाशी बोलतील तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसावं.

मुलीबद्दल तुमच्या पत्रात एक नाराजी जाणवते: ती तेव्हा नव्हती, आता आली. कदाचित तिलाही ते खुपत असेल. करार तिच्याशी झालेला नाही, तिला एकटीला तो मोडता येणार नाही, हे खरं. पण त्या रात्री काकांच्या बाजूने विचार करणारं जे माणूस तिथे हवं होतं, ते आज तीच आहे. काकांना एकटं गाठून "काका, तुम्हीच सांगा, मी काही चुकीचं केलं का?" असं विचारायचा मोह होईल. तसं करू नका. ते "नाही रे" म्हणतील, आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी याल.

ज्या वाचकांनी काकांसारखी सही केलेली आहे त्यांनाही थोडं सांगते, कारण तुमच्यापेक्षा त्यांची संख्या जास्त असणार. त्या दिवसांत काय घडलं ते आठवतंय तोवर तारखांसह लिहून काढा. रुग्णालयाची बिलं, दाखल झाल्याचे कागद, त्या काळातले संदेश जपून ठेवा. करार मान्य नसेल तर तसं लेखी कळवा आणि मिळालेले पैसे परत करायची तयारी त्याच पत्रात लिहा, कारण करार रद्द करणाऱ्याने घेतलेला लाभ परत करावा लागतो. त्यानंतर त्याच करारातले पुढचे हप्ते स्वीकारत राहू नका, नाहीतर तुम्ही तो मान्य केलात असा अर्थ निघतो. दस्त रद्द करून मागायची मुदत साधारण तीन वर्षं आहे, ज्या गोष्टींमुळे हक्क मिळतो त्या कळल्यापासून. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं. आणि दावा लावण्याआधी मध्यस्थी करायची असेल तर त्याचीही सोय तिथेच आहे.

घर, जमीन अशा व्यवहारांपलीकडे, छापील अटींवर सह्या करून घेणाऱ्या मोठ्या संस्थांपुढे आपण अडतो तेव्हाही हेच तत्त्व लागू होतं. १९८६ साली ब्रोजो नाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न सांगता काढता येईल, अशी एका सरकारी कंपनीची अट याच कारणाने रद्द ठरवली. ग्राहकांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' अशी स्वतंत्र व्याख्या आली. अवाजवी अनामत, भंगाच्या मानाने अवास्तव दंड, एकाच बाजूला करार मोडायची मुभा अशी कलमं त्यात येतात. या कारणावरची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेऊ नका, ती राज्य आयोगाकडे किंवा मोठ्या रकमेची असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे जाते. तिथे पहिल्याच पायरीवर बरेच जण चुकतात.

पुन्हा तुमच्याकडे येते. त्या रात्री दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं, हे तुम्ही लिहिलंत. ते कोणी नाकारू नये, काकांच्या मुलीनेही नाही, आणि बोलणं सुरू होईल तेव्हा तिने ते म्हणावं अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण सुरुवात तुम्हाला करावी लागेल. तिला फोन करा, दावा लावत नाही आहे एवढं आधी सांगा, आणि काका, ती आणि तुम्ही असे तिघं भेटायचा दिवस ठरवा. पत्नीला बरोबर न्या. त्या भेटीला साठेखताची प्रत नेऊ नका. आकडे दुसऱ्या भेटीत बोला, काकांचा वकील ठरल्यानंतर.